वाचकांचे प्रश्न: चाइल्ड प्रोसेस नेमकी अडकते कुठे?

आपल्या प्रोग्राममधून (पॅरेंट) दुसरा प्रोग्राम (चाइल्ड) चालवायचा, त्याला माहिती द्यायची आणि त्याचं उत्तर वाचायचं, या विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. उदाहरणं लिनक्स आणि पायथन ३ ची आहेत. सी, नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) किंवा विंडोजचा संबंध आला तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न: पायथनमधून ‘टार -सीव्हीएफ’ (फाइली एकत्र बांधणारा प्रोग्राम) चालवून बॅकअप घेतो. चाइल्ड सुरू करणाऱ्या पीओपनला एसटीडीआउटसाठी (स्टँडर्ड आउटपुट) पाइप देतो, मग वेट करतो (चाइल्ड संपेपर्यंत थांबतो) आणि शेवटी आउटपुट वाचतो. लहान फोल्डरवर सगळं नीट चालतं. मोठ्या फोल्डरवर मात्र प्रोग्राम कायमचा थांबतो. एरर नाही, सीपीयूचा वापरही शून्य. टारमध्ये दोष आहे का?

टार निर्दोष आहे. दोष ‘आधी वेट, मग वाचन’ या क्रमात आहे.

पाइप म्हणजे एका प्रोग्रामने लिहिलेलं दुसऱ्याने वाचेपर्यंत साठवणारी वाट. लिनक्सवर त्याची क्षमता साधारणपणे ६५,५३६ बाइट, म्हणजे ६४ केबी असते. ‘व्ही’ हा पर्याय दिल्यावर टार प्रत्येक फाइलचं नाव स्टँडर्ड आउटपुटवर छापतो. एका ओळीचे सरासरी ६० बाइट धरले, तर जेमतेम १,१०० फाइलींत पाइप काठोकाठ भरतो. पुढची ओळ लिहायला गेलेल्या टारला कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तिथेच थांबवतो: कोणीतरी वाचून जागा करील, तेव्हा पुढे जा. वाचणारे तुम्हीच आहात, आणि तुम्ही टार संपण्याची वाट पाहत बसला आहात. दोघेही एकमेकांची वाट पाहतात. केन थॉम्पसन यांनी १९७३ साली डग मॅकिलरॉय यांची कल्पना घेऊन युनिक्समध्ये पाइप आणला, तेव्हापासून भरलेल्या पाइपवर लिहिणाऱ्याला थांबवायचं हा त्याच्या रचनेचाच भाग आहे. त्यामुळेच वेगवान प्रोग्राम संथ प्रोग्रामला बुडवत नाही.

खात्री करायची असेल तर अडकलेल्या टारचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) देऊन ‘एसट्रेस -पी’ चालवा; प्रोसेस कर्नलकडे काय मागतेय ते हे साधन दाखवतं. टार ‘राइट’ या कॉलमध्ये थांबलेला दिसेल. तुमच्या प्रोग्रामवर तेच केलंत, तर तो ‘वेट४’मध्ये दिसेल. ही जोडी दिसली की निदान झालं.

उपाय म्हणून वेटऐवजी कम्युनिकेट वापरा, किंवा सरळ ‘सबप्रोसेस.रन’ला ‘कॅप्चर_आउटपुट=ट्रू’ द्या. आतून तेही कम्युनिकेटच वापरतं. ते स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर (इशारे, चुकांचे संदेश) असे दोन्ही पाइप एकाच वेळी वाचत राहतं आणि प्रोसेस संपल्यावर तिचा एक्झिट कोड घेतं. मात्र सगळं आउटपुट मेमरीत साठतं, म्हणून काही जीबी येणार असेल तर एसटीडीआउटला उघडलेली फाइल द्या. आउटपुट नकोच असेल तर आलेलं सगळं टाकून देणारं ‘डेव्हनल’ द्या. पाइप उघडून तो न वाचणं हा सर्वांत वाईट पर्याय.

याच दोषाची आणखी दोन रूपं नेहमी आढळतात. पहिलं: स्टँडर्ड आउटपुट शेवटपर्यंत वाचायचं आणि मग स्टँडर्ड एररकडे वळायचं. मधल्या वेळात चाइल्डने एररच्या पाइपमध्ये ६४ केबी इशारे लिहिले की तीच कोंडी होते. दोन्ही वेगळे ठेवण्याची गरज नसेल तर एसटीडीईआरआरला ‘सबप्रोसेस.एसटीडीआउट’ देऊन एकत्र करा. दुसरं रूप: माहिती दाबून लहान करणाऱ्या जीझिपसारख्या प्रोग्रामला मोठी माहिती इनपुटवर लिहीत राहायचं आणि त्याचं आउटपुट मात्र नंतर वाचायचं. त्याचा आउटपुट पाइप भरला की तो इनपुट घेणं थांबवतो, मग तुमचा लिहिण्याचा पाइप भरतो. इथे लिहिण्यासाठी वेगळा थ्रेड हवा, नाहीतर पुन्हा कम्युनिकेटच.

प्रश्न: चाइल्ड म्हणून माझीच पायथन स्क्रिप्ट चालवतो. ती दर सेकंदाला एक ओळ प्रिंट करते. टर्मिनलवर ओळी एकेक करून येतात, पण पॅरेंटमध्ये सगळ्या शेवटी एकदम येतात. एफएफएमपेगची (व्हिडिओ रूपांतर करणारा प्रोग्राम) प्रगती दाखवतानाही असंच होतं.

या दोन तक्रारी दिसायला सारख्या आहेत, कारणं वेगळी आहेत.

स्क्रिप्टचं आधी. आपलं आउटपुट कुठे जातंय हे पायथन सुरुवातीलाच तपासतो. टर्मिनल असेल तर ओळ संपली की ती लगेच बाहेर पडते. पाइप असेल तर आतल्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) सुमारे ८ केबी जमेपर्यंत काहीच बाहेर पडत नाही. पॅरेंटच्या कोडमध्ये कितीही बदल केलेत तरी फरक पडणार नाही, कारण ओळी अजून पाइपमध्ये आलेल्याच नाहीत. चाइल्ड चालवताना ‘पायथन३ -यू’ असं चालवा, किंवा प्रिंटला ‘फ्लश=ट्रू’ द्या. सी भाषेतले प्रोग्राम तुमचे नसतील तर त्यांच्यापुढे ‘एसटीडीबफ -ओएल’ लावून पाहा. ते फक्त सीची नेहमीची आउटपुट लायब्ररी वापरणाऱ्या, डायनॅमिक लिंक केलेल्या प्रोग्रामवर चालतं, म्हणून पायथनवर त्याचा उपयोग नाही. ग्रेपला त्याचा स्वतःचा ‘--लाइन-बफर्ड’ हा पर्याय आहे. काहीच लागू पडलं नाही, तर पाइपऐवजी सूडो-टर्मिनल द्यावं लागतं. चाइल्डला समोर टर्मिनल आहे असं वाटतं आणि तो ओळीओळीने लिहू लागतो. पण मग काही प्रोग्राम आउटपुटमध्ये रंगांचे कोड घालतात आणि पासवर्डही विचारू लागतात, म्हणून हा मार्ग शेवटचा.

एफएफएमपेगमध्ये अडचण बफरची नाही. तो प्रगती स्टँडर्ड एररवर लिहितो आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा बदलण्यासाठी शेवटी न्यूलाइनऐवजी कॅरेज रिटर्न टाकतो. न्यूलाइनची वाट पाहणारं तुमचं रीडलाइन बसून राहतं. ती ओळ फोडत बसू नका. ‘-प्रोग्रेस पाइप:१’ दिलं की स्टँडर्ड आउटपुटवर नाव=किंमत अशा स्वच्छ ओळी येतात, आणि ‘-नोस्टॅट्स’ने मूळ प्रगतीची ओळ बंद होते. सोबत ‘-नोएसटीडीइन’ जरूर द्या. नाहीतर एफएफएमपेग पॅरेंटच्या स्टँडर्ड इनपुटमधून वाचू लागतो. शेल स्क्रिप्टमध्ये फाइलींची यादी वाचणारं लूप पहिल्याच फाइलनंतर विचित्र वागतं, ते यामुळेच: यादीतली अक्षरं एफएफएमपेगने खाल्लेली असतात.

प्रश्न: सी मध्ये पाइप, फोर्क (प्रोसेसची प्रत काढणारा कॉल), एक्झेक (त्या प्रतीत दुसरा प्रोग्राम चढवणारा कॉल) असं लिहिलं आहे. चाइल्ड संपल्यावरही पॅरेंटचं ‘रीड’ परत येत नाही.

पॅरेंटने पाइपचं लिहिण्याचं टोक बंद केलेलं नाही. ज्या ज्या प्रोसेसकडे ते टोक उघडं आहे त्या सगळ्यांनी बंद केल्याशिवाय वाचणाऱ्याला फाइल संपल्याची खूण, म्हणजे शून्य बाइट, मिळत नाही. फोर्कनंतर ते टोक दोघांकडे असतं. चाइल्ड गेला तरी तुमच्याकडे ते उघडंच राहतं, आणि तुम्ही स्वतःचीच वाट पाहत राहता.

क्रम असा ठेवा. चाइल्डमध्ये डप२ ने लिहिण्याचं टोक १ या क्रमांकावर (स्टँडर्ड आउटपुट) आणा, मूळची दोन्ही टोकं बंद करा आणि मग एक्झेक करा. पॅरेंटमध्ये फोर्क झाल्याबरोबर लिहिण्याचं टोक बंद करा. एकाच वेळी अनेक चाइल्ड काढत असाल, तर पहिल्याची टोकं दुसऱ्याकडे वारशाने जातात, म्हणून पाइप२ वापरून ‘ओ_क्लोएक्झेक’ लावा, म्हणजे एक्झेक होताच ती टोकं आपोआप बंद होतात. एक्झेक फसलं तर चाइल्डमध्ये साधं ‘एक्झिट’ वापरू नका, ‘_एक्झिट(१२७)’ वापरा. साधं एक्झिट पॅरेंटकडून नकललेले बफर रिकामे करतं आणि तोच मजकूर दोनदा छापला जातो.

प्रश्न: चाइल्डचं आउटपुट ४,०९६ बाइटांच्या तुकड्यांत वाचतो. इंग्रजी मजकूर नीट येतो, मराठी मजकुरात अधूनमधून डिकोडची एरर येते.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘क्षि’ हे डोळ्यांना एक अक्षर दिसतं, पण आत क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी ४ चिन्हं, म्हणजे १२ बाइट असतात. ४,०९६ ला ३ ने भाग जात नाही. सलग देवनागरी असेल तर १,३६५ चिन्हं मावतात आणि पुढच्या चिन्हाचा एकच बाइट या तुकड्यात येतो. उरलेले दोन पुढच्या तुकड्यात जातात. तुकड्याचा आकार बदलून हे सुटत नाही, कारण मध्ये एक स्पेस आली तरी गणित बदलतं, शिवाय पाइपवरचं वाचन मागितल्यापेक्षा कमी बाइटही देऊ शकतं.

पीओपनला ‘टेक्स्ट=ट्रू’ आणि ‘एन्कोडिंग="यूटीएफ-८"’ द्या. बाइटच वाचायचे असतील तर कोडेक्समधला इन्क्रिमेंटल डिकोडर वापरा. तो अर्धवट चिन्ह पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतो. नोडमध्ये प्रत्येक तुकड्यावर टूस्ट्रिंग करू नका, स्ट्रीमवर एकदाच ‘सेटएन्कोडिंग’ करा.

विंडोजवर आणखी एक खड्डा आहे. चाइल्ड पायथन स्क्रिप्ट कन्सोलवर मराठी नीट छापते, पण पाइपमध्ये लिहिताना जुना कोड पेज धरते आणि एनकोडची एरर देऊन पडते. चाइल्डच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘पायथनयूटीएफ८=१’ ठेवा. हे करताना ‘ओएस.एन्व्हायरन’ची प्रत घेऊन तिच्यात भर घाला. एकच व्हेरिएबल असलेली नवी डिक्शनरी दिलीत तर पाथसकट बाकी सगळं नाहीसं होतं आणि चाइल्ड सुरूही होत नाही.

प्रश्न: नोडच्या ‘एक्झेक’ने वापरकर्त्यांनी अपलोड केलेल्या फाइलींवर कमांड चालवतो. नावात स्पेस असली की बिघडतं. अवतरण चिन्हं लावली तर पुरे का?

नाही, आणि हे आजच बदला. ‘एक्झेक’ तुमची स्ट्रिंग शेलकडे (कमांडची ओळ वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामकडे) देतं. फाइलच्या नावात अवतरण चिन्ह आणि त्यापुढे अर्धविराम घालून कोणीही तुमच्या सर्व्हरवर हवी ती कमांड चालवू शकतो. ‘एक्झेकफाइल’ किंवा ‘स्पॉन’ वापरा आणि आर्ग्युमेंट अॅरेमध्ये द्या. मध्ये शेल नसला की स्पेस, अवतरण, अर्धविराम ही फक्त नावातली अक्षरं राहतात. नाव वजाच्या चिन्हाने सुरू झालं तर प्रोग्राम त्याला पर्याय समजतो, म्हणून पूर्ण पाथ द्या. एक्झेक आणि एक्झेकफाइल दोघांनाही आउटपुटची मर्यादा मुळात १ एमबी आहे. ती ओलांडली की चाइल्डला मारलं जातं. जास्त आउटपुट अपेक्षित असेल तर स्पॉन घ्या.

प्रश्न: टाइमआउट झाल्यावर चाइल्डला किल करतो, तरी मूळ काम मागे चालूच राहतं.

‘शेल=ट्रू’ देऊन जोडकमांड चालवली की तुमच्या हाती शेलचा पीआयडी येतो. किल केल्यावर शेल मरतो आणि त्याने काढलेली नातवंडं तशीच चालू राहतात. चाइल्ड काढताना ‘स्टार्ट_न्यू_सेशन=ट्रू’ द्या. वेळ संपली की ‘ओएस.किलपीजी’ने पूर्ण गटाला सिगटर्म (थांबण्याची विनंती) पाठवा, ५ सेकंद थांबा, तरीही जिवंत असतील तर सिगकिल (सक्तीने मारणं). त्यानंतर वेट करायला विसरू नका. वेट केलं नाही तर मेलेली प्रोसेस ‘पीएस’च्या यादीत ‘झेड’ (झॉम्बी) म्हणून पडून राहते. ती मेमरी किंवा सीपीयू खात नाही, पण पीआयडी अडवून ठेवते.

प्रश्न: तीच कमांड एक्झिट कोड म्हणून पायथनमध्ये -९ देते आणि बॅशमध्ये १३७. खरं कोणतं?

दोन्ही. प्रोसेस सिग्नल ९, म्हणजे सिगकिलने मेली. पायथन सिग्नलचा क्रमांक उणे करून सांगतो, बॅश त्यात १२८ मिळवतो. तुम्ही स्वतः किल केलं नसेल, तर मेमरी संपल्यामुळे कर्नलने मारलं असण्याची शक्यता मोठी आहे. ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या नोंदी) पाहा, तिथे प्रोसेसच्या नावासह नोंद सापडेल.