आघातानंतरच्या मानसोपचाराचा उपयोग होतो आहे, हे कसे ओळखावे?

घरातील आत्महत्येनंतर मानसोपचार घेणारी व्यक्ती खरोखर सावरते आहे का, हे कसे मोजावे, असे आपण विचारले आहे. उपचारापूर्वीची नोंद नसेल तर नंतरच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत पीसीएल-५ ही आघातानंतरच्या तणावाची लक्षणे मोजणारी २० प्रश्नांची, ० ते ८० गुणांची प्रश्नावली भरून घ्यावी आणि ठरावीक अंतराने तीच पुन्हा भरावी. वाचता न येणाऱ्यांना ती वऱ्हाडीत आणि घरचे समोर नसताना विचारावी, कारण सासूसमोर सून मनातले सांगणार नाही. माझ्या मते गुणांपेक्षाही महत्त्वाचे हे, की ज्या विहिरीकडे ती व्यक्ती फिरकत नव्हती तिकडे ती जाऊ लागली का, तिला झोप लागते का, सोयाबीनच्या सोंगणीला ती उभी राहते का. काही जण उपचारांशिवायही काळाबरोबर सावरतात, त्यामुळे उपचाराचे श्रेय ठरवायला तुलनेचा गट लागतो. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांतल्या ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य कार्यक्रमात नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु तिथेही तुलनेची गावे नव्हती. आत्महत्येचे विचार येत असतील तर पुढच्या मोजणीची वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच बोलावे.