सुकायला वेळ नाही

मी ठाण्यात समुपदेशक आहे. मे-जून आला की माझ्याकडे एक ठरलेली तक्रार यायला लागते. कुणाला बंगळुरूला नोकरी लागलेली असते, कुणाला दिल्लीत प्रवेश मिळालेला असतो. जायचं नक्की झालेलं, पेढे वाटून झालेले, घरचे खूश. आणि नेमकं तेव्हाच मुलाचं किंवा मुलीचं सगळं ठप्प होतं. गाणारीचा रियाज सुटतो, लिहिणाऱ्याची वही कोरी राहते, चित्रं काढणारा ब्रशला हात लावत नाही. मग समोर बसून विचारतात, "मॅडम, तिकडे काय होईल ते तिकडे बघू, पण मला इथेच काही जमेनासं झालंय. म्हणजे माझ्यात ते कधी नव्हतंच का?"

यावर त्यांना घरी-दारी दोन उत्तरं मिळालेली असतात. आई-वडील म्हणतात, टेन्शन आहे, गेल्यावर होईल ठीक. मित्र म्हणतात, ब्रेक घे. आता जो आधीच ब्रेकवर आहे आणि ज्याला तो ब्रेकच सोसत नाहीये, त्याला अजून ब्रेक घ्यायला सांगून काय उपयोग?

अशा मुलांपैकी एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला आपण गौरी म्हणू.

गौरी 24 वर्षांची, ठाण्याशेजारच्या कळव्याची. जे.जे.मधून चित्रकलेची पदवी घेतलेली. कळव्याला फास्ट गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे चार वर्षं स्लो लोकलच्या लेडीज डब्यात भलाथोरला पोर्टफोलिओ सांभाळत तिने सीएसएमटी गाठलं. "उभा धरला तर दिसत नाही, आडवा धरला तर बायका मारतात," हे तिचं त्या चार वर्षांचं सार. आता तिला वडोदऱ्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला शाखेत पदव्युत्तर प्रवेश मिळाला होता. या क्षेत्रात त्या जागेचं वजन मोठं. 1950 मध्ये तिथे चित्रकलेचे वर्ग सुरू झाले तेव्हा शिकवायला नामवंत चित्रकार ना. श्री. बेंद्रे होते.

आधी तिची आई आली. आमच्या ठाण्यात 1901 पासून मनोरुग्णालय आहे, त्यामुळे 'ठाण्याला न्यायला पाहिजे' हा विनोद आख्ख्या महाराष्ट्रात चालतो आणि इथे समुपदेशकाची पायरी चढणाऱ्याला तो जरा जास्तच आठवतो. गौरीच्या आईनेही बसायच्या आधीच सांगून टाकलं, "तशी ती चांगली आहे हो." मग म्हणाल्या, "रंगांना हात लावत नाही. दिवसभर कपाटं आवरते. इतकं आवरलेलं घर मी लग्न झाल्यापासून बघितलं नव्हतं."

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

सगळ्यात आधी मी एक गोष्ट तपासते, आणि वाचणाऱ्यांनीही ती टाळू नये. झोप, भूक, आवडत्या कशातच रस न उरणं, सतत आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याची भाषा येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं. ताबडतोब कुणाशी बोलायला हवं असेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे. गौरीचं तसं नव्हतं. जेवत होती, हसत होती, धाकट्या भावाशी भांडत होती. फक्त चित्र होत नव्हतं.

सुरुवातीला ती जे सांगायची ते अपेक्षितच होतं. "तिकडे सगळे तयार होऊन येणार. मी कळव्याची, मला बोलताही येत नाही नीट." तिच्या आवडत्या चित्रकारांत भूपेन खक्कर होते. मीच त्यांची आठवण काढली. मुंबईचा हा चार्टर्ड अकाउंटंट साठच्या दशकाच्या सुरुवातीला वडोदऱ्याला गेला आणि पुढे कितीतरी वर्षं हिशेबनीसाची अर्धवेळ नोकरी सांभाळत रंगवत राहिला. तो कुठे तयार होऊन गेला होता? गौरीला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ती हसली, बरं वाटलं म्हणाली, आणि घरी जाऊन पुन्हा कपाट आवरायला घेतलं. धीर देऊन माणसाला बरं वाटतं, हात मात्र हलतोच असं नाही.

पुढच्या भेटीत मी न्यूनगंडाचा विषयच बाजूला ठेवला आणि चित्राबद्दल विचारलं. मला चित्रातलं फारसं कळत नाही. अशा वेळी ते सोयीचं पडतं, कारण समोरच्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

"शेवटचं काय काढत होतीस?"

"खाडी. ती फ्लेमिंगोवाली नाही. रेतीबंदरकडची, चिखलाची."

"झालं का?"

"अर्धं राहिलं. पांढरा जाड लागलाय, सुकणार नाही."

"कधीपर्यंत?"

"निघेपर्यंत."

हे ती इतक्या सहज बोलली की दुसरं कुणी असतं तर पुढच्या प्रश्नावर गेलं असतं. मी तिथेच थांबले. तैलरंग कसा सुकतो ते सांग म्हटलं. ती खुलली. हा रंग पाण्यासारखा उडून सुकत नाही, म्हणाली. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होत जातं. पातळ थर काही दिवसांत हाताला लागेनासा होतो, जाड थराला महिने लागतात. वरून वार्निश मारायचं तर सहा महिने ते वर्षभर थांबायची जुनी रीत आहे. अंबरसारखा मातकट तपकिरी लवकर सुकतो, त्यात मँगनीज असतं म्हणून. पांढरा उशिरा. त्यात आपल्याकडचा पाऊस. दमट हवेत सगळंच रेंगाळतं आणि कॅनव्हासला बुरशी धरते ती वेगळीच.

"मग ॲक्रिलिक वापर. ते तर तासाभरात सुकतं ना?"

"हो," ती म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही.

तेव्हा मी विचारलं, "गौरी, निघेपर्यंत सुकणार नाही म्हणून आणखी काय काय सुरू केलं नाहीस?"

आधी ती हसली. मग बोटांवर मोजत सांगायला लागली. दाढ दुखते, पण रूट कॅनलला तीन-चार वेळा जावं लागेल, म्हणून वडोदऱ्याला गेल्यावर बघू. आजीला समोर बसवून तिचं चित्र काढायचं दोन वर्षं मनात आहे, पण आजी एका जागी बसत नाही, वेळ लागेल. शाळेतली मैत्रीण सासरहून कळव्यात राहायला आलीय, अजून भेटले नाही, कारण भेटलं की पुन्हा भेटावंसं वाटेल. थोडं थांबून, खिडकीबाहेर बघत : "आणि एक मुलगा आहे."

आता माझं म्हणणं सांगते. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीत तयार झाले. 1950 च्या दशकात त्यांनी मांडलं की घडलेली गोष्ट आपल्याला जितकी अडवते, त्याहून जास्त आपणच आपल्याला दिलेला हुकूम अडवतो. अडलेल्या माणसाच्या बोलण्यात हा हुकूम कुठेतरी असतो, बहुधा फार साध्या शब्दांत. तो ऐकू यायला कान तयार व्हावा लागतो, आणि खोटी नम्रता कशाला दाखवू, इतक्या वर्षांत माझा झालाय. गौरीचा हुकूम होता : निघायच्या आधी जे आटोपणार नाही, ते सुरू करायचंच नाही. घर सोडायची नोटीस दिलेला भाडेकरू जसा भिंतीत नवा खिळा ठोकत नाही, तशी ती स्वतःच्याच घरात वावरत होती.

आणि हा हुकूम वरवर पाहता शहाणपणाचा वाटतो, हीच त्यातली गोम. आवराआवर करणाऱ्या मुलीचं सगळे कौतुकच करतात. "बघ कशी जबाबदार झाली!" खरं कारण वेगळं असतं. काहीच अर्धं नसलं की निघताना काही तुटत नाही. निरोपाचं दुखणं टाळायची ही सोय आहे. इतर कामांत ती खपून जाते. चित्रात नाही, कारण चित्र सुरू करताना ते कुठे आणि कधी संपेल हे माहीत नसतं. जे संपणार याची खात्री आहे तेवढंच हाती घ्यायचं ठरवलं, की मागे फक्त कपाटं उरतात.

हे तिला मी याच शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी घाबरत नाहीये?"

"घाबरतेयस. पण वडोदऱ्याला नाही. कळवा सुटेल त्याला."

रडली. रडू दिलं.

मग मी तिला एक काम दिलं. अशा मुलांना सर्रास 'जायच्या आधी सगळे धागे बांधून घ्या' असं सांगितलं जातं. मी उलट सांगितलं. निघेपर्यंत नक्की सुकणार नाही असं एक चित्र सुरू कर. मोठं घे. पूर्ण करायचं नाही.

"मग नेणार कसं?"

"न्यायचं नाही."

"घरी पावसात खराब होईल."

"होईल कदाचित."

"मॅडम, तो कॅनव्हास महाग येतो."

"मग पैसे वाया गेले म्हणून चीड येऊ दे. चीड चालेल."

पुढच्या वेळी आली तेव्हा नखांत रंग होता. आजीला गॅलरीत भाजी निवडायला बसवलं होतं. आजी हलते तर हलू दे म्हणाली, हलल्यासारखीच काढतेय. मी विचारलं, कुठला रंग लावलास? खाली मान घालून म्हणाली, "अंबर."

लवकर सुकणारा! माणूस स्वतःचा हुकूम असा चोरपावलांनी पाळत राहतो. आम्ही दोघीही खूप हसलो. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिने पांढरा जाड लावला, आजीच्या पातळाच्या पदरावर, चाकूने. घरभर टर्पेंटाइनचा वास म्हणून आईची तक्रार आली. मी मनातून खूश झाले.

दाढेचं पहिलं सिटिंगही तिने ठाण्यातच उरकलं, पुढची तिकडे. मैत्रिणीला भेटली. मुलाचं काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पालकांसाठी इथे थोडं बोलायला हवं, कारण खरी कसोटी त्यांची असते. "पॅकिंग झालं का?" हा प्रश्न रोज विचारू नका. त्याने हुकुमाला जोरच मिळतो. पॅकिंगला शेवटचा आठवडा नेमून द्या आणि त्याआधी घरात पसारा होऊ द्या. अर्धं विणलेलं, अर्धं लिहिलेलं, अर्धं रंगवलेलं दिसलं की "आता हे कशाला काढलंस?" असं तोंडावर येतं. ते गिळा. आणि मूल गेल्यावर ती वस्तू लगेच उचलून माळ्यावर टाकू नका. गौरीच्या आईला मी एवढंच सांगितलं होतं : कॅनव्हास भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून हवा खेळू द्या, आणि सुकला का म्हणून बोट लावू नका. शेवटची सूचना त्यांनी पाळली नाही. पदराच्या कडेला ठसा उमटला.

मुलांसाठी : स्वतःचा हुकूम शोधायचा तर न केलेल्या गोष्टींची यादी करा आणि प्रत्येकीपुढे कारण लिहा, जसं सुचेल तसं, सुधारून न लिहिता. चार-पाच कारणं एकाच घरातली निघाली, तर तुमचा प्रश्न प्रतिभेचा नाही. मग त्या यादीतली सगळ्यात लांबणारी गोष्ट निवडा आणि आजच तिला सुरुवात करा. पहिले काही दिवस फार वाईट वाटेल. गौरीलाही वाटलं. "उगाच जीव लावतेय" असं ती दोनदा म्हणाली. उत्साह आधी यावा मग काम करू, या वाटेने जाऊ नका. काम सुरू झाल्यावर बऱ्याच वेळा तो मागून येतो.

जुलैत ती बोरिवलीहून गाडीने गेली (गुजरातची गाडी म्हटली की आम्हा ठाणेकरांना बहुधा आधी घोडबंदर रोड पार करावा लागतो). जुनी, पूर्ण सुकलेली चित्रं प्लंबरकडून आणलेल्या जाड पीव्हीसी पाइपवर गुंडाळून नेली, रंगाची बाजू बाहेर ठेवून. आत घेतली तर थर चुरगळतो म्हणे. आजीचं चित्र घरीच राहिलं.

वडोदऱ्यात पहिला महिनाभर तिने काहीच रंगवलं नाही, नुसती रेखाटनं केली. फोनवर हे सांगताना आवाजात काळजी नव्हती. दिवाळीला घरी आली, चित्र बघितलं, आवडलं नाही, आणि निम्मा भाग खरवडून काढला. आई मात्र चिडल्या. पदरावरचा त्यांचा ठसाही त्यातच गेला.

हा उपाय सरसकट कुणालाही लागू करू नये. त्याच सुमाराला पुण्याला दुसरी नोकरी लागलेला आयटीतला एक मुलगा यायचा. त्याने गिटारचा क्लास लावला होता, जर्मन शिकायला घेतलं होतं, घरमालकाशी डिपॉझिटवरून वाद चालू होता, आणि जुन्या कंपनीचं एकही काम पुरं केलेलं नव्हतं. त्याचा हुकूम गौरीच्या बरोबर उलटा होता : काही संपवायचंच नाही, म्हणजे निघावं लागणार नाही. त्याला मी आधी पीएफचे फॉर्म भरायला बसवलं.