नारळ फुटल्यानंतरची पाच वर्षे

खानापूर तालुक्यातून एका वडिलांचे पत्र आले आहे. ते बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करतात. मुलगा मराठी माध्यमातून नुकताच एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकची दहावी, पास झाला: गणितात 91, विज्ञानात 84, इंग्रजीत 56. गोवा शिपयार्डमध्ये जुलै 2024 मध्ये ‘त्रिपुट’ या युद्धनौकेचे जलावतरण झाले, त्याचा व्हिडिओ पाहिल्यापासून त्याच्या डोक्यात दुसरे काही नाही. वडील लिहितात, ‘माझे थोरले भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले. ते म्हणतात, एवढी हौस आहे तर नौदलात अग्निवीर होऊ दे. पोरगा म्हणतो, मला बोटीवर जायचे नाही, बोट बांधायची आहे. असे शिक्षण आपल्या पोरांना मिळते का? आणि एक शंका आहे. बोट एकदा पाण्यात सोडली की काम संपलेच ना? मग बांधणाऱ्यांनी पुढे करायचे काय?’

नमस्कार.

तुमच्या शंकेपासूनच सुरुवात करतो. मुलाने काय शिकावे, याचे निम्मे उत्तर तिच्यातच आहे.

बोट पाण्यात सोडली की काम संपत नाही. खरे तर तेव्हा ते निम्म्यावर आलेले असते. आपल्या जवळचेच उदाहरण घ्या. लोंढ्याहून कॅसलरॉक, कुळे करत रेल्वे जिथे पोचते, त्या मुरगाव बंदराचे नाव नौदलाच्या एका विनाशिकेला दिले आहे: ‘मोरमुगाव’. ती मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधली. 17 सप्टेंबर 2016 रोजी तिचे जलावतरण झाले. पहिल्यांदा ती समुद्रात चाचणीला निघाली 19 डिसेंबर 2021 रोजी, म्हणजे गोवा मुक्तीला साठ वर्षे झाली त्या दिवशी. नौदलात दाखल झाली 18 डिसेंबर 2022 रोजी. नारळ फुटल्यापासून पहिल्या फेरीपर्यंत सव्वापाच वर्षे गेली, आणि चाचण्यांना आणखी एक वर्ष. पाण्यात उतरली तेव्हा तिचे वजन सुमारे 2,800 टन होते. पूर्ण भरलेली असताना ती 7,400 टनांची आहे. मधल्या वजनात इंधन आणि दारूगोळा आहे, तशीच यंत्रे, पाइप, केबली, शस्त्रे, रडार, स्वयंपाकघर आणि जवळपास तीनशे माणसांच्या झोपण्याची सोयही आहे. व्हिडिओत दिसला तो सांगाडा. घर बांधताना स्लॅब पडला की पेढे वाटतात, पण राहायला जायला अजून अवकाश असतो, तसे हे आहे.

या मधल्या वर्षांत काय चालते ते तुम्हाला मुद्दाम सांगतो. तुम्ही लेथवाले आहात, तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगले कळेल. इंजिनापासून प्रोपेलरपर्यंत लांबलचक शाफ्ट जातो आणि तो जागोजागी बेअरिंगवर टेकलेला असतो. हे सगळे एका रेषेत यावे लागते. जहाज जमिनीवर टेकूंवर उभे असताना त्याचा जो आकार असतो, तो पाण्यावर तरंगायला लागल्यावर किंचित बदलतो. म्हणून जमिनीवर जुळवलेली रेषा पाण्यात उतरल्यावर पुन्हा तपासतात. उन्हाने डेकचे पत्रे तापले तरी सांगाडा थोडा वाकतो, त्यामुळे अशी नाजूक मापे रात्री किंवा पहाटे घेतात. तुम्ही जॉबला डायल लावून शतांशाचा फरक काढता, तेच काम दीडशे मीटरहून लांब जहाजात चालते.

त्यानंतर धक्क्याला बांधलेल्या अवस्थेतच इंजिने, जनरेटर, पंप एकेक करून सुरू करून पाहतात. मग एक चाचणी होते, तिच्याबद्दल मुलाला नक्की सांगा. जहाजाचा गुरुत्वमध्य नेमका कुठे आहे, हे कागदावरच्या हिशेबावर सोडत नाहीत. वारा पडलेला असताना, दोर सैल सोडून, अगदी मोजकी माणसे वर ठेवतात आणि ठरावीक वजने डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवतात. जहाज अंशभर कलते. आत लांब दोरीला ओळंबा टांगलेला असतो, गवंड्याचा असतो तसाच. त्याचे टोक पाण्यात किंवा तेलात बुडवलेले असते, म्हणजे तो हेलकावत नाही. ओळंबा किती सरकला ते मोजायचे आणि त्याला दोरीच्या लांबीने भागायचे. मिळाला तो कोनाचा टॅन. तुमच्या मुलाने दहावीला त्रिकोणमितीत हाच टॅन शिकला आहे. वजन किती, ते किती सरकवले, जहाज एकूण किती टनांचे आणि हा टॅन, एवढ्यावरून जहाज वादळात कलले तर पुन्हा सरळ उभे राहील की नाही, हे कळते. दहावीच्या पुस्तकातल्या गणितावर तीनशे माणसांचे जीव अवलंबून असतात. हे ऐकल्यावर मुलाचा चेहरा कसा होतो ते नीट पाहा.

शेवटी समुद्रातल्या चाचण्या. इंजिने पूर्ण ताकदीने तासन्‌तास चालवतात, भर वेगात सुकाणू टोकापर्यंत फिरवून जहाज किती मोठा वळसा घेते ते मोजतात, पुढे धावणारे जहाज एकदम मागे खेचून किती अंतरात थांबते ते पाहतात, नांगर टाकतात, उचलतात. अशा फेऱ्या अनेक होतात. प्रत्येक फेरीत दोष सापडतात, त्यांची यादी होते, आणि धक्क्याला परतल्यावर ते दूर करतात. या फेऱ्यांत नौदलाची माणसे असतात, पण जहाज ताब्यात देईपर्यंत जबाबदारी बांधणाऱ्या गोदीची. त्यामुळे गोदीचे इंजिनिअर, फिटर, इलेक्ट्रिशियनही त्यावर असतात. म्हणजे बोट बांधणाऱ्याला बोटीवर जावे लागतेच, हे मुलाला आत्ताच कळलेले बरे.

पुढे काम उरते का, असे तुम्ही विचारले आहे. युद्धनौका पंचवीस-तीस वर्षे चालते आणि ठरावीक काळाने दुरुस्तीला परत येते. कारवारचा नौदलाचा कदंब तळ आपल्यापासून दूर नाही. तिथे नौदलाचा जहाज दुरुस्ती कारखानाही आहे.

आता मुलाकडे वळू. थोरल्या काकांचा सल्ला मायेचा आहे आणि बेळगावात फौजेची ओढ किती खोल आहे, ते मला माहीत आहे. पण अग्निवीर म्हणजे जहाज चालवणाऱ्यांत जाणे, बांधणाऱ्यांत नव्हे. वय साडेसतरा पूर्ण लागते, मुदत चार वर्षांची, आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुले कायम होतात. मुलगा काय मागतोय ते त्याने स्पष्ट सांगितले आहे. त्याचे ऐका.

बांधणीच्या कामाला दोन टोके आहेत. एक हाताचे, दुसरे हिशेबाचे.

हाताच्या कामाची वाट माझगाव डॉकच्या अ‍ॅप्रेंटिस शाळेतून जाते. तिथे आठवी पास, दहावी पास आणि आयटीआय पास असे वेगवेगळे गट घेतात. दहावीवाल्यांना फिटर, स्ट्रक्चरल फिटर, पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन, ड्राफ्ट्समन असे ट्रेड असतात. प्रवेश परीक्षेतून होतो आणि दहावीच्या गटाची वयोमर्यादा कमी असते, म्हणून जाहिरात चुकवू नका. गोवा शिपयार्ड आणि कारवारचा दुरुस्ती कारखानाही अ‍ॅप्रेंटिस घेतात. मात्र एक गोष्ट डोळ्यांआड करू नका. अ‍ॅप्रेंटिस म्हणजे कायम नोकरी नव्हे. शिकवल्यानंतर नोकरी देण्याचे बंधन कंपनीवर नसते. तरी जहाजाच्या जाड पोलादावर, आडव्या-तिडव्या अवघड जागी वेल्डिंग करून हात बसलेला माणूस आपल्या भागात सहसा रिकामा बसत नाही.

हिशेबाची वाट म्हणजे नेव्हल आर्किटेक्चर, जहाजाची रचना करण्याचे शास्त्र. ही पदवी आयआयटी खरगपूर आणि आयआयटी मद्रास इथे आहे. कोचीच्या ‘कुसाट’ विद्यापीठात आहे. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या विशाखापट्टणम केंद्रातही आहे. दोन्ही आयआयटींची प्रवेश परीक्षा एकच, बाकीच्यांची वेगळी. नौदलाला स्वतःची जहाजे स्वतः रेखाटणारा विभाग आहे, आणि हे शिकलेल्या पदवीधरांना नौदल अधिकारी म्हणूनही घेते. बारावीनंतर थेट नौदलात बी.टेक.ला जायचे तर केरळमधली एळिमला अकादमी आहे. त्यासाठी जेईई मेन या देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेतली रँक, भौतिक-रसायन-गणितात 70 टक्के आणि दहावीला किंवा बारावीला इंग्रजीत 50 टक्के लागतात. तुमच्या मुलाचे इंग्रजीचे 56 तिथे पुरतात.

माझा कल पीयूसी सायन्सकडे, म्हणजे अकरावी-बारावी विज्ञानाकडे आहे, कारण गणितातले 91 वाया जाऊ नयेत. पण मराठी शाळेतून एकदम इंग्रजी पीयूसीत गेलेली मुले पहिल्या सहा महिन्यांत कशी गप्प होतात, ते मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. त्यांना भौतिकशास्त्र समजत नाही असे नसते, त्यांना प्रश्नच कळलेला नसतो. म्हणून कॉलेज सुरू होण्याआधीच्या या दिवसांत दहावीचेच विज्ञानाचे पुस्तक इंग्रजी माध्यमाचे आणा आणि रोज दोन पाने वाचू द्या. आशय माहीत आहे, फक्त शब्द नवे, त्यामुळे ते झेपते. जेईई मेन 2021 पासून मराठीसह 13 भाषांत होते. मराठी निवडली तर केंद्र कोल्हापूरसारखे महाराष्ट्रातले घ्यावे लागू शकते. पण दोन वर्षे इंग्रजीत शिकून परीक्षा मराठीत देणे मला तरी सोयीचे वाटत नाही.

नेव्हल आर्किटेक्चर हुकले तर मेकॅनिकल इंजिनिअरिंग करूनही गोदीत जाता येते. त्यासाठी कर्नाटकची सीईटी आहेच. शिवाय महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या 865 गावांच्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी वेगळा प्रवर्ग आहे. तुमचे गाव यादीत आहे का ते आत्ताच पाहा आणि दाखले वेळेत काढून ठेवा. दर वर्षी आपली मुले ही सवलत माहीत नसल्यामुळे किंवा एका कागदामुळे घालवतात, त्याचे मला फार वाईट वाटते. घरची ओढाताण असेल तर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा मेकॅनिकल डिप्लोमा घ्या. त्यातून गोदीत पर्यवेक्षकाच्या जागा निघतात आणि पुढे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशही मिळतो.

कुठले टोक त्याचे, हे मात्र मी पत्रावरून सांगू शकत नाही. तुम्ही घरी पाहू शकता. येत्या रविवारी पत्र्याचा तुकडा आणून द्या आणि त्याला सपाट तळाची, हातभर लांबीची बोट करू द्या. कापणे, वाकवणे, झाळणे तोच करील, तुम्ही फक्त शेजारी बसा. टबात सोडून, मध्ये काठी उभी करून ओळंबा टांगायला सांगा. मग कारखान्यातले चार नट वजन करून घ्या आणि ते एका कडेपासून दुसऱ्या कडेला सरकवून टॅन काढू द्या. पाणी कुठून गळते ते शोधण्यात तो जास्त रमतो, की वहीतल्या आकड्यांत, ते बघा. आणि ती वही मला पाठवा.