पंपाचा प्लॉट १५ लाखांनी स्वस्त का?

प्रश्न : वय ४२, नाशिकच्या सातपूरला नोकरी. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख १० हजार, दोन मुलं शिकतायत. आडगावच्या पुढे महामार्गाला लागून ५ गुंठे एनए प्लॉट ६० लाखांत मिळतोय, बाजारभावापेक्षा १५ लाख कमी. पूर्वी तिथे पेट्रोलपंप होता, १० वर्षांपूर्वी बंद पडला. टाक्या जमिनीतच आहेत, पण मालकाने वाळू भरून बंद केल्यात. बोअरच्या पाण्याला थोडा रॉकेलसारखा वास येतो, रिपोर्ट मात्र पिण्यायोग्य आहे. तिथे मिसळीचं हॉटेल काढायचंय. ५ लाख इसार दिला. २५ लाख ठेवी मोडून, ३० लाख घरावर टॉप-अप (चालू गृहकर्जावरचं वाढीव कर्ज). टॉप-अप कमी करायला युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) मोडू का? स्टेटमेंट जोडलंय. सिंहस्थात भाव दुप्पट होणार, असं सगळेच म्हणतात.

उत्तर : युलिप मोडा. ५ वर्षांत साडेसात लाख भरले, आज ८ लाख ४० हजार दिसतायत. म्हणजे वर्षाला जेमतेम ४ टक्के. विमा फक्त १५ लाखांचा. एजंटने गुंतवणूक म्हणून गळ्यात मारलं आणि विमाही धड दिला नाही. ५ वर्षं उलटलीत, सरेंडर चार्ज लागणार नाही. आधी १ कोटीची साधी टर्म पॉलिसी, म्हणजे निव्वळ विमा, हातात येऊ द्या, मग हे बंद करा. प्लॉटचा भाव ३ वर्षांत दुप्पट व्हायचा तर दरसाल २६ टक्के वाढ हवी. ‘सगळे’ म्हणजे कोण, दलालच ना? टॉप-अपचा हप्ता मात्र महिना ३० हजार, तो सिंहस्थ संपल्यावरही चालूच राहील.

पण प्रश्न युलिपचा नाहीच. वास येणाऱ्या पाण्यावर तुम्ही हॉटेल काढायला निघालात.

लोखंडी टाकी गंजते, पाइपचे सांधे सुटतात, गळती वर दिसतही नाही. पेट्रोलमध्ये बेन्झीन असतं, त्याने कॅन्सर होतो. आजच्या पेट्रोलमध्ये ते १ टक्क्यापर्यंत चालतं, म्हणजे लिटरमागे साधारण ९ ग्रॅम. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. भागाकार करा : १ लिटर पेट्रोलमधलं बेन्झीन ९ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. १० हजार लिटरचे ९० टँकर.

‘पिण्यायोग्य’ रिपोर्टात टीडीएस, हार्डनेस, जंतू, क्लोराइड एवढंच आहे. बेन्झीन तपासलेलंच नाही. शिवाय नमुना पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नेला असेल तर ते वाटेतच उडून जातं. काचेची छोटी बाटली बुडबुडा न ठेवता भरून बर्फात न्यावी लागते. पेट्रोल-डिझेल पाण्यावर तरंगतं, तुमची मोटर खोलवरून पाणी ओढते. तरीही वास येतोय, म्हणजे काही भाग पाण्यात विरघळलाय.

आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. गळालेलं इंधन पाषाणाच्या भेगांतून कुठे वळेल ते वरून सांगता येत नाही. म्हणून टाकीभोवती वेगवेगळ्या खोलीवरची माती आणि निदान तीन निरीक्षण बोअर हवेत. तीन ठिकाणची पाणीपातळी मोजल्याशिवाय भूजल कुठल्या दिशेला वाहतं ते कळत नाही. एकदा पावसाळ्यानंतर, एकदा उन्हाळ्यात तपासा, कारण पातळी वरखाली होते तसं इंधन मातीला माखत जातं.

चाचणीआधी फुकटचं काम : मालकाकडे जुनी डिप रजिस्टरं, म्हणजे टाकीत पट्टी बुडवून रोज मोजलेल्या साठ्याच्या वह्या, मागा. रोजच्या साठ्यात सतत घट दिसली किंवा वॉटर पेस्टने (पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट) टाकीत पाणी दाखवलं, तर भोक असण्याची शंका घ्या. टाक्या कंपनीच्या होत्या की डीलरच्या, नागपूरच्या पेसोचा (इंधन आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं केंद्राचं खातं) परवाना रद्द करून घेतला का, वाळू भरण्याआधीचं गॅस-फ्री (टाकीत पेटणारी वाफ उरली नाही असं) प्रमाणपत्र कुठे आहे, हेही विचारा. बँकेचा वकील टायटल बघतो, व्हॅल्युअर भाव बघतो. टाकी कोणीच बघत नाही.

आता तुमची १५ लाखांची बचत. १० बाय १० मीटर जागा ३ मीटर खोल उकरली तर ३०० घनमीटर, म्हणजे सुमारे ५०० टन माती. ती दूषित निघाली तर नेहमीच्या भरावात टाकता येत नाही, रांजणगावसारख्या घातक कचरा केंद्राकडे न्यावी लागते. वाहतुकीसकट टनाचा दर मागवा आणि ५०० ने गुणा. टनाला ३ हजार पडले की १५ लाख संपले, आणि पाण्याची सफाई अजून बाकीच. केंद्राने २०२५ मध्ये दूषित जागांसाठी नियम आणलेत, खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करायचा. पण १० वर्षांपूर्वीचा डीलर शोधत कोण फिरणार? शेजारचा विहीरवाला तुमच्याच दारात येईल.

या आठवड्यात वकिलाकडून मालकाला पत्र द्या : माती-पाण्याची चाचणी होईपर्यंत खरेदीखताची मुदत वाढवा, दोष निघाला तर इसार परत, टाक्या काढायच्या त्या मालकाच्या खर्चाने. चाचणीला मी ३ लाख धरतो, निम्मे मालकाकडून मागा. तो चाचणीच नको म्हणाला, तर व्यवहार सोडा. इसारासाठी भांडता येईल. ५ लाख बुडाले तरी ५५ वाचतात. तोवर टॉप-अपच्या अर्जावर सही करू नका, प्रोसेसिंग फी सहसा परत मिळत नाही.