असेल, असावा, असणार : अंदाजाचं इंग्रजी

प्रश्न : 'बाबा आता घरी असतील' याचं भाषांतर मी 'फादर विल बी ॲट होम नाऊ' असं केलं. बाईंनी 'विल'खाली रेघ मारली. यात चूक काय? – नववीची विद्यार्थिनी, कराड

व्याकरणाची चूक नाही. दार वाजलं की इंग्रजही 'दॅट विल बी द पोस्टमन' म्हणतात. पण तेव्हा त्यांना जवळजवळ खात्री असते, कारण पोस्टमनची यायची वेळच ती असते. आपलं 'असेल' मात्र भलतंच ऐसपैस आहे. पक्क्या खात्रीपासून 'कोण जाणे'पर्यंत सगळं त्यात मावतं.

म्हणून आधी मराठीतच 'असतील' काढून दुसरं रूप बसवून बघ. स्कूटर दारात आहे, दिवा लागलाय, म्हणजे 'असणारच' : इथे 'मस्ट बी'. रोज सहाला येतात आणि आता साडेसहा झालेत, म्हणजे 'असायला हवेत' : 'शुड बी'. काहीच माहीत नाही, 'असतीलही' : 'मे बी', 'माइट बी' किंवा 'कुड बी'. आणि नुसतं 'असावेत' म्हणायचं असेल तर मोडल (म्हणजे 'मस्ट', 'मे'सारखं सहायक क्रियापद) शोधत बसू नकोस, 'ही इज प्रॉबब्ली ॲट होम' हे सरळ आणि चांगलं इंग्रजी आहे.

'मे' म्हणजे अमुक टक्के आणि 'माइट' म्हणजे तमुक टक्के, असे तक्ते गाइडांमध्ये असतात. ते पाठ करू नयेत. 'माइट' थोडं डळमळीत, आणि बोलण्यात जास्त, फरक एवढाच.

'ही कॅन बी ॲट होम' हे मात्र टाळ. 'कॅन' एरवी काय घडू शकतं ते सांगतं : जुलैत महाबळेश्वरला 'इट कॅन रेन फॉर डेज'. आजच्या आभाळाकडे बघून केलेला अंदाज 'इट माइट रेन टुडे'.

प्रश्न : 'तो घरी नसणार' म्हणजे 'ही मस्ट नॉट बी ॲट होम' ना? – स्पर्धा परीक्षेचा उमेदवार, लातूर

अमेरिकी बोलण्यात असं ऐकू येतं, पण परीक्षेत लिहू नका. 'मस्ट नॉट' वाचताच मनाई डोळ्यांपुढे येते : त्याने घरी असता कामा नये. अंदाजातल्या 'मस्ट'चं नकारी रूप 'कान्ट' : 'ही कान्ट बी ॲट होम, द डोअर इज लॉक्ड फ्रॉम आउटसाइड'.

खरा घोटाळा पुढेच आहे. होकारात 'कुड बी' आणि 'माइट बी' शेजारी बसतात, पण नकारात ते पार वेगळे होतात. 'ही माइट नॉट बी ॲट होम' म्हणजे कदाचित नसेल. 'ही कुडन्ट बी ॲट होम' म्हणजे असणं शक्यच नाही. कारण 'माइट नॉट'मधला नकार घरी असण्याला लागतो, 'कुडन्ट'मधला थेट शक्यतेला.

प्रश्न : 'मे हॅव' आणि 'माइट हॅव' एकच का? – इंग्रजीत बातम्या लिहिणारा वाचक, पणजी

बऱ्याचदा एकच. पण नदीत पडलेल्या मुलाबद्दल लिहाल तेव्हा जपून. 'द बॉय मे हॅव ड्राउन्ड' म्हणजे बुडाला असेल, अजून कळलेलं नाही. 'द बॉय माइट हॅव ड्राउन्ड' याचा अर्थ तोही होतो, आणि 'बुडाला असता, पण वाचला' असाही. मराठीत 'असेल' आणि 'असता' यांनी हे काम चोख वाटून घेतलंय, इंग्रजीत संदर्भ द्यावा लागतो. मूल सापडलं नसेल तर 'मे हॅव'च लिहा. वाचल्याची बातमी असेल तर 'माइट हॅव' किंवा 'कुड हॅव'.

'हॅव'नंतर क्रियापदाचं तिसरं रूप हवं : 'मस्ट हॅव गॉन', 'वेन्ट' नव्हे. शिवाय बोलताना 'मस्टव्ह' ऐकू येतं म्हणून 'मस्ट ऑफ' लिहिलेलं दिसतं. ते साफ चूक.

प्रश्न : 'मे बी' जोडून लिहायचं की तोडून? – एक पालक, नाशिक

'कदाचित' म्हणायचं तर जोडून, आणि बहुधा वाक्याच्या सुरुवातीला : 'मेबी ही इज इल'. 'असेल' म्हणायचं तर तोडून, कर्त्यानंतर : 'ही मे बी इल'. 'मेबी ही मे बी इल' मध्ये एकच शंका दोनदा येते. कुठलंही एक ठेवा.