सीटचे चामडे निवडताना

तुमची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० मोटरसायकल गडद हिरव्या रंगाची आहे, म्हणून सीटही हिरव्या छटेची घ्यावी असा तुमचा विचार दिसतो. तो मी टाळायला सांगेन, कारण रंगवलेला पत्रा आणि चामडे यांची छटा तंतोतंत जुळत नाही आणि थोडक्यात हुकलेला रंग विजोड रंगापेक्षा अधिक खुपतो. सीटचा रंग टाकीशी न जुळवता हँडलच्या मुठी, आरसे, सायलेन्सर अशा भागांशी जुळवावा. हिरव्या टाकीवर आणि क्रोमवर तपकिरी किंवा टॅन (फिकट तपकिरी) रंग खुलतो. इंजिन व सायलेन्सर काळे असतील तर मात्र काळी सीटच बरी, फक्त उन्हात उभी राहिली की ती चांगलीच तापते.

वनस्पतिजन्य कमावणीचे, म्हणजे झाडाच्या सालीसारख्या वनस्पतींच्या अर्काने कमावलेले, फिकट टॅन चामडे ऊन, तेल आणि हाताळणीने गडद होत जाते, त्यामुळे मनात आहे त्यापेक्षा एक छटा फिकट निवडावी. त्यावर पावसाच्या थेंबांचे डाग राहतात आणि नव्या जीन्सची निळाई उतरते. माझ्या पहिल्या टॅन सीटवर ती दोन आठवड्यांत उतरली आणि शेवटपर्यंत गेली नाही! रोज पावसात गाडी काढणार असाल तर गडद तपकिरीच घ्या.

कारागिराकडून तळहाताएवढा तुकडा मागून घ्यावा, तो सकाळच्या उन्हात टाकीजवळ धरून पाहावा आणि मग ओला करून वाळू द्यावा. दुकानातल्या दिव्याखाली रंग ठरवू नये. शिलाईचा दोरा चामड्याहून किंचित फिकट असला तरी पुरे.