कॅमेऱ्याचं दुकान कॅमेऱ्यावर चालतच नव्हतं

प्रश्न: जळगावात राहतो. पहिला कॅमेरा घ्यायचाय, पण हातात धरून बघता येईल असं धड दुकान सापडत नाही. लहानपणी पाहिलेली कॅमेऱ्यांची दुकानं ऑनलाइन खरेदीनेच बंद पाडली का? आणि आता कॅमेरा घ्यावा कुठून?

उत्तर:

ऑनलाइनने शेवटचा धक्का दिला, पण दुकान त्याआधी दहा वर्षं अंथरुणाला खिळलेलं होतं. हे छातीठोकपणे सांगतो, कारण माझ्या मामांचं अमळनेरला दुकान होतं. पुढे काचेचं काउंटर, मागे स्टुडिओ, त्याच्याही मागे डार्करूम. शाळेच्या उन्हाळी सुट्ट्या मी त्या काउंटरमागे काढल्या आणि पुढे पोटापाण्यासाठी लग्नाचे फोटोही काढले. त्यामुळे दुकान उभं असताना आणि झोपताना, दोन्ही वेळेला मी तिथे होतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पाटीवर मोठ्या अक्षरात 'कॅमेरा' लिहिलेलं असायचं, शोकेसमध्ये याशिका, कोडॅकचा केबी-१०, हॉट शॉट मांडलेले असायचे, पण त्यावर घर चालत नव्हतं. कॅमेरा महिन्याला दोन-तीन विकले तरी खूप. मामा म्हणायचे, "कॅमेरा इकीसन पोट भरत नही भाऊ, रोल धुईसन भरस." म्हणजे कॅमेरा विकून पोट भरत नाही, फिल्मचे रोल धुवून भरतं. कॅमेरा एकदा विकला की गिऱ्हाईक दुकानाला बांधलं जायचं, एवढाच त्याचा उपयोग. मग ते रोल घ्यायला येणार, धुवायला टाकायला येणार, कॉप्या म्हणजे कागदावरचे फोटो काढायला येणार, बॅटरीचे सेल घ्यायला येणार, नि शेवटी अल्बम घ्यायलाही येणार.

हिशेबच मांडतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका बऱ्यापैकी लग्नाला १५ रोल लागायचे. एका रोलचे ३६ फोटो, म्हणजे ५४० कॉप्या. मॅक्सी या मोठ्या साइजची कॉपी चार रुपयांना धरली तरी नुसत्या कॉप्यांचे २,१६० रुपये झाले. शिवाय रोल धुण्याचे वेगळे, रोल विकल्याचे वेगळे, नातेवाइकांनी "आम्हाला बी एकेक काढा" म्हटलं की ते वेगळे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आसपास अशी लग्नं रांगेने यायची. उलट पुढे २०१३-१४ मध्ये पस्तीस हजारांचा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा डिजिटल कॅमेरा, विकून मामांच्या हाती शेकडा तीन सुटायचे, म्हणजे हजार-अकराशे. तेही माल आणण्यात अडकलेल्या पैशाचं व्याज न धरता.

त्या धंद्यात गंमतही होती. कृष्णधवल फिल्मचं डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, वीस अंश सेल्सियसला वापरायचं असतं. आता अमळनेरच्या मे महिन्यात वीस अंश कुठून आणणार? बाहेर पारा ४४ दाखवायचा. मग बर्फाची लादी फोडून घमेल्यात टाकायची, त्यात डेव्हलपरचा ट्रे ठेवायचा, थर्मामीटर बुडवून बसायचं. घाई केली तर फिल्मवरचं जिलेटिन मऊ पडून सुटायचं आणि कुणाची तरी हळद कायमची पुसली जायची. बर्फ फोडायचं काम माझ्याकडे, त्यामुळे त्यातला निम्मा बर्फ सरबतात जायचा हेही कबूल करतो. वापरलेला हायपो, म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन, कधी मोरीत ओतायचा नाही. फिल्मवरची चांदी त्यात उतरलेली असते. ती गाळून काढणारा एक माणूस जळगावहून यायचा आणि कॅन भरून हायपो विकत घेऊन जायचा. मामी गमतीने त्याला "आपला सोनार" म्हणायची.

वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरी नदीच्या पात्रात मामा तंबू ठोकायचे. मागे रंगवलेला पडदा, पुढे पत्र्याची मोटार. चुलत-मावस मिळून नऊ जण एका फोटोत. ते गिऱ्हाईक कधी कॅमेरा घेणारं नव्हतं, पण वर्षाचा एक फोटो मात्र ठरलेला.

आणि दुकानात शिकवणी फुकट. पहिला रोल भरून द्यायचा, कारण फिल्मची जीभ दातऱ्यांत नीट अडकली नाही तर माणूस सबंध वेरूळ फिरून येतो आणि रोल कोरा निघतो. असे कोरे रोल मी स्वतः लोकांच्या हाती दिलेत. तेव्हाचे त्यांचे चेहरे आठवले की अजून कसंतरी होतं.

चाळीसगावचे केकी मूस तुम्हाला माहीत असतील. स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात कित्येक दशकं जवळजवळ बाहेर न पडता राहिले, टेबलावर छोटी छोटी दृश्यं रचून त्यांचे फोटो काढायचे, देशोदेशीची बक्षिसं मिळवली आणि १९८९ मध्ये गेले. घरबसल्या सगळं मागवायच्या आजच्या काळाबद्दल कुणी बोललं की मामा त्यांचं नाव काढायचे. म्हणायचे, "तो मानूस घरातून हालत नव्हता, पण त्याचा रोल काही चालत घरी येत नव्हता. कुठल्यातरी दुकानातूनच गेला असंल ना?"

आता पडझडीकडे वळू.

पहिला घाव फिल्म गेल्याचा. कलर लॅबचं मशीन घ्यायला मामांनी बँकेचं कर्ज काढलं होतं. रंगीत फिल्मचं डेव्हलपर ३७.८ अंशांवर ठेवावं लागतं, त्यात अर्ध्या अंशाचाही फरक चालत नाही. त्यातच २००५ च्या सुमारास आपल्याकडे लोडशेडिंगने कहर केला होता, म्हणून जनरेटर घेतला. त्याच्या डिझेलचा खर्च कॉपीच्या चार रुपयांतूनच काढायचा. नेमकं तेव्हाच शहरातले फोटोग्राफर डिजिटलवर जायला लागले. २००६ च्या जानेवारीत कोनिका मिनोल्टाने कॅमेरा आणि फिल्मचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं. आमच्याकडे पाटी कोनिकाचीच होती. मामांनी ती उतरवली नाही, नुसती लाइट लावायचं बंद केलं. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, तोवर आमच्याकडे दिवसाला एखादा रोलही येत नव्हता. गंमत अशी की पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅकच्याच एका इंजिनियरने बनवला होता.

डिजिटल आल्यावर लोक फोटो जास्त काढायला लागले आणि कॉप्या कमी. पूर्वी बघायला म्हणून तरी कॉपी काढावीच लागायची, आता स्क्रीनवर दिसतंच. धुलाई तर शून्य झाली. दुकानाच्या दोन पायांपैकी एक इथेच तुटला.

दुसरा घाव मोबाइलचा. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेचे आकडे बघा. २०१० मध्ये जगभर १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते, २०२० मध्ये तो आकडा ९० लाखांच्याही खाली आला. म्हणजे घरोघरी जाणारा छोटा, खिशातला कॅमेराच संपला. दुकान अमळनेरचं असो की टोकियोचं, जे कुणी विकतच घेत नाही ते विकणार कसं? यात ऑनलाइनचा काही दोष नाही.

तिसरी गोष्ट छोटी वाटेल, पण आमच्यासारख्या गावात ती फार लागली. ती म्हणजे पासपोर्ट साइजचे फोटो. शाळा, रेशनकार्ड, नोकरीचे अर्ज, सगळ्याला आठ कॉप्यांचं पाकीट लागायचं. देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते आपल्याच खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. तिथे फोटो मशीनवालाच काढतो. मग पासपोर्ट ऑफिसनेही फोटो जागेवर काढायला सुरुवात केली. आम्ही टीव्हीवर टेंभलीचा कार्यक्रम कौतुकाने बघितला होता. आपलंही गिऱ्हाईक त्यात चाललंय हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग ऑनलाइन आलं. फ्लिपकार्ट २००७ मध्ये पुस्तकांपासून सुरू झालं, अ‍ॅमेझॉनचं भारतातलं दुकान २०१३ मध्ये उघडलं. वस्तू हातात आल्यावर पैसे द्यायची सोय झाली तशी खेड्यापाड्यांतली भीती मोडली. मामांकडे तोवर उरले होते ते फक्त लग्नाचे फोटोग्राफर आणि हौशी कॉलेजची पोरं. दोघांनाही डीएसएलआर हवा होता. पोरं यायची, कॅमेरा मागायची, तासभर हाताळायची, कुठली लेन्स घ्यावी ते विचारायची आणि "घरी विचारून सांगतो काका" म्हणून जायची. आठवड्याने तीच पोरं यायची, पण मेमरी कार्ड घ्यायला. एका ऑनलाइन दुकानावर तर एकदा सणाच्या सेलमध्ये तोच कॅमेरा मामांच्या खरेदीच्या भावापेक्षाही अठराशेने स्वस्त लागला होता. मामांनी वितरकाला फोन केला. तो म्हणाला, "तुम्हीच तिथून मागवून विका की."

मीही त्या पोरांतलाच आहे, हे लपवत नाही. २०१४ मध्ये मला पन्नास एमएमची लेन्स हवी होती. मामांच्या दुकानात ती माझ्याच कॅमेऱ्यावर लावून मी मामीचे, मांजराचे, रस्त्यावरच्या केळीच्या गाडीचे फोटो काढले. मागची पार्श्वभूमी कशी लोण्यासारखी वितळते ते बघून घेतलं. घरी जाऊन मोबाइलवर भाव बघितला, सातशे रुपये कमी. मागवली. पुढच्या लग्नात मामा भेटले, त्यांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा हातात घेतला, लेन्स फिरवून बघितली आणि एवढंच विचारलं, "तठूनच लिन्ही का?" मी हो म्हणालो. ते बोलले काहीच नाहीत. खिशातून कापड काढून त्यांनी लेन्सवरचा माझ्या बोटाचा ठसा पुसला आणि कॅमेरा परत दिला.

सरकारने काही केलं नाही असंही नाही. परदेशी पैशावर चालणाऱ्या साइटनी स्वतःचा माल विकू नये, फक्त बाजार भरवावा, असा नियम २०१६ मध्ये आला. ज्या कंपनीत साइटची भागीदारी आहे तिचा माल तिथे विकता येणार नाही, असं फेब्रुवारी २०१९ पासून झालं. जीएसटीत कॅमेऱ्याला आधी २८ टक्के लागायचे, ते जानेवारी २०१९ पासून १८ झाले. पण तोवर मामांनी शोकेस रिकामी केली होती. आता पुढचा गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या पोराला भाड्याने दिलाय. भाडं दुकानाच्या शेवटच्या वर्षांतल्या कमाईपेक्षा जास्त येतं, हे मामा स्वतःच हसून सांगतात. निगेटिव्हवरून मोठी कॉपी काढायचा एन्लार्जर घरी आहे, त्यावर मामी पापडाचं कापड टाकते.

म्हणून सगळा धंदाच बुडाला असंही समजू नका. लग्नाचे अल्बम आजही छापतात, डिझाइन करून देणारी पोरं रात्र रात्र जागतात. धुळ्या-जळगावातल्या ज्यांनी वेळेवर अल्बमची छपाई आणि लेन्स-ड्रोन भाड्याने द्यायचं काम धरलं, ते बरे चाललेत. बुडाले ते शोकेसवाले. माझं म्हणाल तर मला शोकेसचं दुःख नाही, उधारीचं आहे. लग्नाच्या आदल्या रात्री फ्लॅश मेला तर मामा शटर अर्धं वर करून स्वतःचा फ्लॅश काढून द्यायचे, "सीझन संपल्यावर बघू" म्हणायचे. ती सोय कुठल्या अ‍ॅपवर आहे?

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. पहिला कॅमेरा लगेच विकत घेऊच नका. ओळखीच्या लग्नवाल्या फोटोग्राफरकडून एका दिवसासाठी भाड्याने घ्या आणि पाटणादेवीला किंवा उनपदेवला जाऊन या. गळ्यात दिवसभर वजन पेलतं का, ते आधी कळेल. मग जुना घ्यायचा विचार असेल तर त्याच माणसाला विचारा. हे लोक दोन-तीन वर्षांनी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बदलतात आणि जुनी काढायला गिऱ्हाईक शोधतच असतात. लग्नाचा सीझन संपला की, म्हणजे जून-जुलैत, भाव उतरतो.

घेताना कॅमेऱ्याचं शटर किती वेळा पडलंय, म्हणजे त्यावर किती फोटो निघालेत, तो आकडा काढायला सांगा. लग्नात वापरलेल्या बॉडीचं ते लाखावर गेलेलं असतं, मग ती कितीही चकाचक दिसो. लेन्स मोबाइलच्या टॉर्चसमोर तिरकी धरून आतून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, सोडून द्या. आपल्या कोरड्या हवेत ती कमी लागते, पण जुन्या लेन्स बऱ्याचदा दमट मुंबईहून आलेल्या असतात. धूळ दोन कण असली तर चालते, खानदेशात राहून धुळीला घाबरायचं नाही.

नवा घ्यायचा तर ऑनलाइन घ्या, मी अडवणार नाही. फक्त विकणाऱ्याचं नाव बघा, वॉरंटी भारतातल्या कंपनीची आहे का ते विचारा, जीएसटीचं बिल घ्या आणि खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. बॉडीच्या बुडाशी असलेला सिरियल नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून बघा. आणि अमळनेरला कधी आलात तर कळवा. मामा सत्तरी ओलांडलेले आहेत, पण रोज संध्याकाळी त्या कव्हरवाल्याच्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसतात आणि लेन्स अजून फुकट पुसून देतात.